दर सोमवारी शंभर

"घ्या सर. शंभराचं रगत तयार हाय."

चाळके मामा लोखंडी स्टुलावर बसले होते. डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली, हात टेबलावर. तो हात ते असा ठेवायचे, की जणू तो त्यांचा नसून कॉलेजच्या सामानात नोंदलेला आहे. सोमवारची सकाळ, आठ वाजलेले. रविवारी संध्याकाळच्या जेवणानंतर पोटात पाण्याखेरीज काही जाऊ द्यायचं नाही, हा नियम त्यांनी चौदा महिन्यांत एकदाही मोडला नव्हता. नियम मी केलेला होता. मी स्वतः येताना स्टँडवर पोहे खाऊन आलो होतो.

दंडाला रबरी नळी बांधली आणि शीर शोधू लागलो. सापडेना.

"पळाली काय?" मामा म्हणाले. "एरवी दोरीवानी वर येती."

"आज जरा आत आहे. मामा, तुम्ही अनवाणी कसे?"

"चप्पल पायात जाईना. पट्टा आवळतोय. चपला शिवनाऱ्या गणपाला म्हनलं, जरा ढिला कर. तर म्हनतोय, पट्टा हाय तेवडाच हाय तात्या, तुमचं पाय वाडल्यात. साठीच्या घरात आल्याव मान्साचं पाय वाडत्यात व्हय सर?"

"गणपाला काय कळतंय," मी म्हणालो. शीर सापडली होती.

आमचं कॉलेज कोयनेच्या काठी. जीवरसायनशास्त्राचा विभाग म्हणजे दोन खोल्या, एक सेंट्रिफ्यूज, रंग मोजणारं एक यंत्र, डॉ. शशिकला माईणकर मॅडम, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा मी, केंजळे, आणि आम्हां दोघांनाही ज्यांच्यावाचून किल्ली सापडत नसे ते प्रयोगशाळेचे शिपाई दगडू चाळके. प्रकल्पाचं नाव इंग्रजीत दोन ओळींचं होतं. मामांनी ते एका ओळीत बसवलं होतं: "रगताला गंज चढतोय, धायटी त्यो थांबवती का बगायचं." याहून स्पष्ट आम्हाला पुढं कधी सांगता आलं नाही.

धायटी हे डोंगरउतारावरचं झुडूप. माघात त्याला लालभडक, बारीक नळीसारखी फुलं येतात. ती फुलंही मामाच आणायचे, त्यांच्या वाडीवरच्या डोंगरातून, खताच्या धुतलेल्या पोत्यात भरून. म्हणजे औषध त्यांचं आणि रक्तही त्यांचंच; आमचं फक्त लेटरहेड.

काम असं चाले. मामांचं रक्त यंत्रात गरगर फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसायच्या आणि वर गव्हाळ रंगाचं पाणी राहायचं. तो प्लाझ्मा. त्यात प्रथिनं असतात. चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की काळं पडतं, तशी ही प्रथिनंही नासतात. आम्ही ती मुद्दाम नासवायचो. दोन नळ्या घ्यायच्या, दोन्हींत मामांचा प्लाझ्मा आणि नासवणारं रसायन, आणि एकीत शिवाय धायटीचा अर्क. मग एक द्रव घातला की जेवढी नासाडी झाली असेल तेवढा पिवळा रंग यायचा. यंत्र तो रंग मोजून आकडा सांगायचं.

आता आमच्या गावातली वीज रोज वेगळ्या मनःस्थितीत असे, त्यामुळे आज आलेला आकडा आणि गेल्या सोमवारचा आकडा यांना एका पंगतीत बसवणं धोक्याचं होतं. म्हणून मॅडमनी पद्धत घालून दिली होती. बिनअर्काच्या नळीचा आकडा काही का येईना, त्याला शंभर म्हणायचं, आणि अर्काच्या नळीचा आकडा त्या शंभरात किती भरतो तेवढंच बघायचं. मूळ आकडा वहीच्या डाव्या पानावर पेन्सिलीनं, शंभराचा हिशेब उजव्या पानावर पेनानं. जगभर असंच करतात. पद्धतीत चूक नव्हती.

संध्याकाळी चार वाजता मामा दारात उभे राहायचे.

"काय आलं सर?"

"तुमचे शंभर."

"आनि धायटीचं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"कमी पडली बिचारी."

आकडा जितका कमी तितकी धायटी खरी, हे त्यांना सांगितलं असतं तर कळलं असतं. मी सांगितलं नाही. चौथीत दोनदा नापास झालेल्या माणसाला कॉलेजात दर आठवड्याला शंभरपैकी शंभर पडत होते. हे त्यांनी बायकोला सांगितलं, वाडीला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. मला ऐकायला गंमत वाटायची.

चौदा महिन्यांत धायटी अठ्ठ्याऐंशीवरून चोपन्नावर आली होती. सुरुवातीला जेमतेम राखण करणारा अर्क आता निम्मी नासाडी थोपवत होता. मॅडमनी त्याचं श्रेय अर्क काढायच्या सुधारलेल्या पद्धतीला दिलं, मी मॅडमना दिलं, आणि आलेख काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला. येत्या गुरुवारी दिल्लीहून तिघांची कमिटी येणार होती. तिला पटलं तर प्रकल्प आणखी तीन वर्षं चालणार होता. नाही पटलं तर एकतीस मार्चला माझी नेमणूक संपणार, आणि मी अर्ध्या प्रबंधासकट भावाच्या खतांच्या दुकानात बसणार.

म्हणून त्या सोमवारी मला मामांच्या चपलेत रस नव्हता.

दुपारी मॅडमनी मला बोलावलं.

"केंजळे, एकाच माणसाचं रक्त का, असं कोणी विचारलं तर?"

"मामा रोज इथं असतात, मॅडम."

"ते खरं कारण झालं. कमिटीला सांगायचं कारण काय?"

मी प्रश्न तेवढा वहीत लिहून घेतला.

"मग उद्या तुझं रक्त काढू. एक जादा माणूस दाखवला की तोंडं बंद होतात."

मंगळवारी मॅडमनी माझं रक्त काढलं. तिसऱ्या टोचणीला निघालं. मामा शेजारी उभं राहून धीर देत होते, "सर, तिकडं बगू नका, धायटीकडं बगा," आणि धायटीचं पोतं दाखवत होते. संध्याकाळी आकडे आले. माझे शंभर. धायटीचे शहाण्णव.

मॅडमनी चष्मा काढला. "काय खाल्लं होतंस?"

"काही नाही."

"केंजळे."

"अर्धी मिसळ."

"उद्या उपाशी ये. आणि माझंही काढ."

बुधवारी आम्ही दोघेही उपाशी. माझ्या रक्तात धायटी पंच्याण्णव, मॅडमच्या रक्तात सत्त्याण्णव. म्हणजे अर्क घातला काय आणि साधं पाणी घातलं काय, फरक पडत नव्हता.

"अर्क उतरला असेल," मॅडम म्हणाल्या.

"सोमवारी याच बाटलीतला वापरला होता. मामांच्या रक्तात चोपन्न आले."

"मग मामांच्या रक्तात असं काय आहे?"

हा प्रश्न त्यांनी कुणाला उद्देशून विचारला नव्हता. मी वही उघडली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी डावी पानं सलग वाचली. जुन्या सोमवारांकडे मागं वळून पाहायचं कारणच नव्हतं. प्रत्येक सोमवारचं आपापलं शंभर होतं. दुपारचे तीन वाजले होते. मी आलेखाचा कागद घेतला आणि पेन्सिलीतले आकडे एकेक करून टिंबांत उतरवले.

धायटीच्या नळीची रेघ जवळजवळ आडवी गेली. पहिल्या महिन्यात पॉइंट एकवीस, या सोमवारी पॉइंट पंचवीस.

मामांच्या बिनअर्काच्या नळीची रेघ पॉइंट चोवीसवर सुरू झाली आणि चढत गेली. गणपतीत तीस. दिवाळीत छत्तीस. संक्रांतीला बेचाळीस. या सोमवारी शेहेचाळीस. आमची वीज इतक्या शिस्तीनं कधी वाढत नाही.

धायटी सुधारली नव्हती. ती होती तिथंच उभी होती. निरोगी रक्त आपली राखण आपण करतं. माझ्या आणि मॅडमच्या रक्तात तिला कामच नव्हतं. मामांच्या रक्तातली राखण महिन्यामागून महिना संपत चालली होती, म्हणून धायटीला काम मिळालं होतं. काचेच्या चौकटीत आम्ही जे यश टांगलं होतं, ते हे होतं.

वहीच्या समासात आणखी एक आकडा होता, प्लाझ्मातल्या एकूण प्रथिनांचा. तो सातावरून पाचावर उतरला होता. त्याच्या शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: रसायन जुनं झालं, बदलावं.

मी तो कागद मॅडमसमोर ठेवला. दाराच्या काचेतून पलीकडच्या खोलीत मामा दिसत होते. कमिटीसाठी प्राचार्यांच्या केबिनमधून आणलेल्या खुर्च्या ते फडक्यानं पुसत होते. एक खुर्ची पुसून झाली की तिच्यावर क्षणभर बसायचे, मग दुसरी घ्यायचे.

"हा कागद कोणी पाहिलाय?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही आणि मी."

"काय झालं असेल त्यांना?"

"पाय सुजलेत. प्रथिनं उतरलीत. किडनी असेल."

"आपण डॉक्टर नाही, केंजळे."

"नाही."

"कमिटी उद्या दुपारी जाईल. शुक्रवारी पहिल्या गाडीनं तू त्यांना कराडला घेऊन जा. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देते."

"आणि उद्या काय सांगायचं?"

"वहीत आहे ते. शंभर आणि चोपन्न. त्यात खोटं काय आहे?"

"तुमचं आणि माझं रक्त?"

"ते प्राथमिक आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवरला कुलूप लावलं नाही. मला दमही दिला नाही. माझ्या भवितव्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मी म्हणालो, "बरं."

कोणी जबरदस्ती केली असती तर पुढची वर्षं सोपी गेली असती.

जाताना मामांनी विचारलं, "सर, उद्या त्येंच्याम्होरं मला हुबं ऱ्हावं लागंल का?"

"चहा तुम्हीच द्यायचाय."

"मग बूट घालून येतो. मुलाचं हायत. नाड्या सोडल्या की बसत्यात."

गुरुवारी ते नाड्या सोडलेल्या बुटांत आले. खाकी कपड्यांना कडक इस्त्री होती. कमिटीचे अध्यक्ष हिरेमठ नावाचे वयस्क प्राध्यापक होते, धारवाडचे, मराठी छान बोलायचे. मी आलेख दाखवला. आवाज थरथरला नाही; याचं मला तेव्हा समाधानच वाटलं. हिरेमठांनी अपेक्षित प्रश्न विचारला.

"हे रक्त कुणाचं?"

मॅडम तोंड उघडणार तोच मामांनी ट्रे खाली ठेवला.

"माझं साहेब. शंभर हाय."

सगळे हसले. मामाही हसले. हिरेमठ खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि त्यांनी मामांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अशी माणसं आहेत म्हणून विज्ञान चालतं," ते इतरांकडे वळून म्हणाले. त्यांच्या बोलण्यात ढोंग नव्हतं. त्यांनी हात बराच वेळ धरून ठेवला होता.

सोडला तेव्हा मामांच्या पंजाच्या पाठीवर हिरेमठांच्या अंगठ्याचा खळगा उमटला होता. ओल्या मातीत उमटावा तसा. मी तो भरून यायची वाट पाहत राहिलो. हिरेमठ जागेवर बसले. बर्फीची बशी फिरली. मॅडमनी पुढच्या तीन वर्षांचा आराखडा वाचायला घेतला. मामा ट्रे उचलून दाराकडे निघाले तेव्हाही खळगा तिथं होता.

प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली.

शुक्रवारी कराडच्या डॉक्टरांनी मामांच्या नडगीवर बोट दाबलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त-लघवी तपासायला सांगितली. दुपारी रिपोर्ट आल्यावर मामांना बाहेर बसवून त्यांनी मला आत बोलावलं. दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या.

"इतक्या उशिरा का आणलंत?"

"बुधवारी लक्षात आलं," मी म्हणालो. हे वाक्य मी गाडीत पाठ केलं होतं. त्यापुढचं वाक्यही तयार होतं: बुधवारी कळलं, आणि मी दोन दिवस गप्प बसलो.

"बुधवार आणि शुक्रवारमध्ये काही फरक नाही हो," डॉक्टर म्हणाले. "दहा-बारा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर पथ्य, गोळ्या, बरीच वर्षं काढली असती. तेव्हा काहीच दिसलं नाही?"

ज्या दोन दिवसांची कबुली द्यायला मी आलो होतो, ते त्यांनी एका वाक्यात माफ करून टाकले. चौदा महिन्यांबद्दल माझ्याकडे वाक्य तयार नव्हतं.

बाहेर बाकावर मामा भजी खात होते. "आज सोमवार न्हाई," ते म्हणाले. "चालतंय न्हवं?"

त्यानंतर आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मॅडम स्वतः दोनदा गेल्या, आणि दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावरूनच परत आल्या. ड्रॉवरमधला कागद त्यांनी एके दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला. प्रबंधातल्या धायटीच्या प्रकरणाच्या शेवटी मी तो छापला. परीक्षकांना तो सगळ्यात मोलाचा वाटला. तोंडी परीक्षेत त्यांनी माझं त्याबद्दल कौतुक केलं, आणि मी आभार मानले.

पण ते नंतर. ऑक्टोबरात एका दुपारी मी तो कागद घेऊन दवाखान्यात गेलो. मामा उशीला टेकून बसले होते. हात काटकीसारखा झाला होता. सूज उतरल्यावर कळलं की आत माणूस किती कमी उरला होता. त्यांची बायको, हौसाकाकी, खाली औषध आणायला गेली होती.

"मामा, तुम्हाला एक दाखवायचंय."

त्यांनी कागद हातात घेतला. "ही कुनाची रेघ?"

"तुमची."

"वर गेलीय की."

"वर जाणं वाईट, मामा. वर जाणं म्हणजे रक्त नासतंय. हे सगळं आमच्या वहीत होतं. पहिल्यापासून. आम्ही बघितलं नाही."

ते रेघेवरून बोट फिरवत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत.

"मंग तुमी दर सोमवारी शंभर कसं काय लिवत हुता?"

मी सांगितलं. वीज कशी कमी-जास्त होते, यंत्र कसं हलतं, म्हणून बिनअर्काच्या नळीला शंभर मानायचं आणि पुढं मोजायचं. मामांनी ते नीट ऐकून घेतलं, मी सामानाची यादी सांगताना ऐकायचे तसं, एकही शब्द सुटू न देता.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "माज्या जागी दुसरा कोन बी आसता, तरी शंभरच."

"हो."

"तुमचं रगत घेतलं तवा तुमचं बी शंभर?"

"हो, मामा."

"म्याडमचं बी."

"मॅडमचंही."

त्यांनी कागदाची घडी घातली, मॅडमनी घातली होती त्याच घडीवर, आणि मला परत दिली. खिडकीबाहेर रिक्षा चालू होत नव्हती. कोणीतरी पुन्हा पुन्हा हँडल ओढत होतं. शेवटी ती चालू झाली.

"सर, एक काम करा. आजाराचं तिला समदं ठावं हाय. त्ये लपवायचं काय न्हाई. ह्ये शंभराचं तेवडं सांगू नका."

जिन्यावर हौसाकाकीच्या जोडव्यांचा आवाज आला. मी कागद खिशात घातला.

डिसेंबरात ते गेले. दहाव्याला नदीकाठी वाडीतली माणसं जमली होती. कावळा शिवून गेला होता, मंडळी हातपाय धुऊन दगडांवर टेकली होती. कोणीतरी पाहुणा म्हणाला, पहिल्यापासूनच तब्येतीनं कच्चा होता काय गडी?

हौसाकाकी बायकांच्यात बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कच्चं कशानं?" ती म्हणाली. "कालेजात त्येंच्या रगताला शंभरातलं शंभर पडायचं. ह्या सरांनीच मोजलंय. इचारा त्येन्ला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "दर सोमवारी."